"तिचं काही म्हणणं नाही" हे वाक्य आधी खोडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्यालाही कळेल. वडील ७९ वर्षांचे. सहा महिन्यांपूर्वी पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून खोलीपुरते चालतात. आई ७५ वर्षांची, वर्षभरापासून विसरते आहे, आणि दिवस कलला की स्वतःच्याच घरात बसून "आता घरी जाऊ या" म्हणते. दोघं गावी धाकट्या भावाकडे आहेत. तुम्ही आणि बहीण शहरात. मोठा दवाखाना दीड तासावर. पुढे तुम्ही लिहिलंय, "भावजयच सगळं करते, तिचं काही म्हणणं नाही." आणि विचारलंय की दोघांना शहरात आणावं, गावीच पगारी माणूस ठेवावं, की वृद्धाश्रम पाहावा.

तिन्हींकडे वळते. पण आधी त्या वाक्याबद्दल बोलू.

बावीस वर्षं मी गावोगाव घरभेटी करते आहे. सुरुवातीची काही वर्षं घरात शिरले की थेट खाटेकडे जायची. नाडी, रक्तदाब, पाठ, टाचा, औषधं, वहीत नोंद, पुढचं घर. अशाच एका घरी एक आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते आणि अंगावर लालसर डागसुद्धा नव्हता. मी कौतुकाने "उत्तम" लिहून बाहेर पडले. तीन आठवड्यांनी त्यांची सून कमरेने आडवी झाली, आणि आठवड्याच्या आत आजोबांच्या माकडहाडावर जखम. ती पुढे भरलीच नाही. त्या दिवशी मी पाठ पाहिली होती, सुनेकडे पाहिलंच नव्हतं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, बसत का नव्हती हे विचारायचं मला सुचलं नाही. तेव्हापासून मी आधी स्वयंपाकघरात जाते.

तेव्हा तुमच्या घरातली पहिली पेशंट तुमची भावजय आहे असं धरून चाला. घरची काळजी म्हाताऱ्या माणसाच्या आजारामुळे क्वचित मोडते. सांभाळणारी व्यक्ती मोडली की मोडते, आणि ती मोडेपर्यंत "तिचं काही म्हणणं नाही" असंच सगळे सांगत असतात. म्हणणं असायला कोणी विचारावं लागतं, तेही सासू-सासरे आणि नवरा ऐकत नसताना.

आता काम. एक साधी वही घ्या आणि आठ दिवस, फक्त आठ दिवस, चोवीस तासांत कोणी काय केलं ते लिहायला लावा. लिहायचं तुमच्या भावाने, कारण भावजयीला लिहायलाही वेळ नसणार. नुसतं "आंघोळ घातली" असं लिहू नका. पाणी काढलं तिथपासून ओले कपडे वाळत घातले तिथपर्यंत किती मिनिटं गेली, ते लिहा. रात्रीच्या उठण्यांसाठी वेगळा रकाना. सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९६३ साली आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठून दुसरीकडे बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं अशी सहा कामं मोजायची पट्टी दिली, ती आजही जगभर वापरतात. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी यादी दिली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं घेणं, पैशाचे व्यवहार. शहरातल्या घरी आपण पहिल्या यादीकडे बघत बसतो. खेड्यात माणूस आधी दुसऱ्या यादीत अडकतो, कारण औषध संपलं तर ते आणायला अर्धा दिवस जातो. हा अर्धा दिवसही वहीत आला पाहिजे. तो बहुधा तुमच्या भावाच्या नावावर निघेल, आणि "तो काही करत नाही" हा घरातला जुना वाद थोडा निवळेल. मी असे वाद निवळताना पाहिलेत.

वडिलांचं काम घड्याळात बसतं. ते शिकता येतं, वाटता येतं, कमीही करता येतं.

खाटेवरून उठवणं हेच घ्या. बहुतेक घरांत बगलेत हात घालून माणसाला वर ओढतात. त्यात त्यांचा खांदा दुखावतो आणि तुमची कंबर जाते. त्याऐवजी त्यांना खाटेच्या कडेला आणून बसवा, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. तसंच मिनिटभर बसू द्या. मग सांगा, पुढे वाका, नाक पायाच्या बोटांवर येऊ द्या. नाक तिथे आलं की मागचा भाग आपसूक हलका होतो, आणि तुम्हाला त्यांच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरून नुसता आधार द्यावा लागतो. बैठक गुडघ्यांपेक्षा थोडी उंच हवी. खाट ठेंगणी असेल तर सुताराकडून पायांना भक्कम ठोकळे बसवून घ्या. कृत्रिम सांधा बसवला असेल तर किती वाकायचं याची मर्यादा असू शकते, ती सर्जनना एकदा विचारून घ्या. हे उठ-बस पाच-पाच वेळा, दिवसातून तीनदा झालं तर तोच त्यांचा व्यायाम. खोलीत चालतात म्हणून खोलीपुरतेच ठेवलं तर पाय झडतात. म्हातारपणी अंथरुणातला एकेक दिवस मांडीच्या स्नायूंतून वसूल होतो.

ते मुळात का पडले होते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. "पाय घसरला" हे उत्तर मी अर्ध्या वेळा मानत नाही. आडवं असताना रक्तदाब घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर उभं राहताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येत असू शकते, आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. मग औषधांची पिशवी खाटेवर पालथी करा. शब्दशः पालथी करा. एका घरी मला चार पिशव्यांतून तेवीस प्रकारच्या गोळ्या मिळाल्या, त्यांत एकच रक्तदाबाची गोळी दोन कंपन्यांच्या नावाने, दोन डॉक्टरांनी दिलेली. आजोबा दोन्ही इमानेइतबारे घेत होते. झोपेच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या, सर्दीवरची झोप आणणारी औषधं, या सगळ्यांवर खूण करा आणि सगळी पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतः काही बंद करू नका, पण "यातलं काय कमी करता येईल?" असं सरळ विचारा. हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आणि रात्र. घरची काळजी दिवसा टिकते, रात्री तुटते. वडील रात्री किती वेळा उठतात, आणि प्रत्येक वेळी भावजय उठते का, हे वहीत पाहा. खाटेपासून संडासापर्यंतची पावलं मोजा, वाटेतले उंबरे मोजा. मग खाटेशेजारी लघवीचं भांडं किंवा कमोड खुर्ची ठेवा. वडील नको म्हणतील. आठवडाभर म्हणतील. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उंच करून झोपवा. दिवसभर पायांत साठलेलं पाणी दुपारीच लघवीवाटे गेलं, तर रात्री दोनदा उठायचं एकदावर येऊ शकतं. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर तिची वेळ बदलता येईल का, विचारा. संध्याकाळनंतर पाणी कमी चालेल, पण दिवसभराचं पाणी तोडू नका, त्याने भ्रम आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं.

पुढे कधी वडील पूर्ण अंथरुणाला लागले, तर कोणीतरी सांगेल की दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मीही वर्षानुवर्षं तेच सांगत होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नऊशेवर वृद्धांना दाट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी वळवून पाहिलं. जखमांच्या प्रमाणात फरक पडला नाही. हे नर्सिंग होममधलं होतं आणि त्यांची त्वचा रोज तपासली जात होती, म्हणून सरसकट घेऊ नका. पण चांगली गादी असेल, टाचा उशीवर अधांतरी असतील, आणि लाल भाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल होत असेल, तर नर्सशी बोलून रात्री चार तासांचं अंतर ठेवता येईल. दाबूनही लाल तसाच राहिला तर थांबू नका, ती जखमेची सुरुवात आहे. चांगल्या गादीवर खर्च करा म्हणते ते यासाठी. त्या गादीवर झोपतात वडील, पण झोप मिळते भावजयीला.

आईचं मात्र घड्याळात बसत नाही.

त्या स्वतः जेवतात, स्वतः चालतात. वहीत त्यांच्या नावापुढे तुम्हाला जेमतेम पाऊण तास दिसेल आणि वाटेल, आईचं काही फार नाही. जर्मनीत हीच चूक आख्ख्या देशाने केली. तिथे १९९५ पासून दीर्घकालीन काळजीचा सक्तीचा विमा आहे. सुरुवातीला मदत ठरायची ती शरीराच्या कामांना रोज किती मिनिटं लागतात यावरून. स्मृतिभ्रंश झालेला माणूस स्वतः जेवतो-चालतो म्हटल्यावर मिनिटं कमी भरायची, आणि घरच्यांना मात्र क्षणभर उसंत नसायची. वर्षानुवर्षांच्या ओरडीनंतर १ जानेवारी २०१७ पासून तिथे मिनिटं सोडून माणूस किती स्वावलंबी आहे ते पाहतात, पाच श्रेण्यांत. जपानमध्ये २००० पासून असाच विमा आहे. तिथे अजून मिनिटांचा अंदाज काढतात, पण स्मृतिभ्रंशासाठी त्यात वेगळी भर घालतात. तेव्हा तुमच्या वहीत आईसाठी एक निराळा रकाना करा: "आज किती वेळ कोणीतरी घरात असावंच लागलं?" तिथे बहुधा "दिवसभर" असंच येईल, आणि त्या दिवसभराचा हिशेब आजपर्यंत कोणी मांडलेला नाही.

हा स्मृतिभ्रंशच आहे हेही आधी नक्की करून घ्या. थायरॉइड, बी१२ ची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणं, मोतीबिंदू, काही औषधं, यांनीही माणूस विसरभोळा दिसतो, आणि यांवर उपाय आहेत. कानाचं तर मला फार वाटतं. ज्याला ऐकूच गेलं नाही त्याला "सांगितलेलं विसरते" म्हणतात. आणि दोन दिवसांत एकाएकी बिघडलं, रात्रीचा दिवस झाला, बडबड सुरू झाली किंवा उलट सुस्ती आली, तर तो म्हातारपणाचा भाग नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, न्यूमोनिया, नवं औषध यांतलं बहुधा काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना.

"घरी जाऊ या" याला "हेच तर घर आहे" हे उत्तर देऊ नका. सगळे तेच देतात आणि रोज भांडण होतं. त्यांना पत्ता हवा नसतो. दिवस मावळताना सावल्या लांबतात, घरात गडबड वाढते, त्या घाबरतात. उजेड लवकर लावा. त्या वेळी हाताला काम द्या, घड्या घालायचं, निवडायचं, जे हात आपोआप करतात ते. "कोण कोण असतं घरी?" असं विचारा आणि बोलू द्या. वीस मिनिटांत बहुतेक वेळा ओसरतं. आणि ही वीस मिनिटं भावजयीच्या ऐन स्वयंपाकाच्या वेळेला येतात, म्हणून तिथे दुसरं माणूस हवं. बहिणीने रोज त्याच वेळी व्हिडिओ कॉल लावला तरी चालेल. शहरातून करता येण्यासारखं याहून उपयोगाचं काम मला दुसरं माहीत नाही.

आता तुमचे तीन पर्याय. शहरात आणणं वडिलांना एक वेळ सोसेल, आईला नाही. ज्या घरात त्या अंधारातही मोरीपर्यंत जातात, तिथली वाट त्यांच्या पायांना पाठ आहे. नव्या घरात तीच बाई पहिल्या आठवड्यात हरवते. आणि "चार महिने याच्याकडे, चार महिने त्याच्याकडे" ही पाळी तर स्मृतिभ्रंशात अजिबात नको. न्याय भावंडांना मिळतो, भोगते आई. वृद्धाश्रम हा शब्द मला वाईट वाटत नाही, काही घरांना तोच योग्य असतो: रात्री दोन माणसं लागू लागली, घरात मारझोड होऊ लागली, सांभाळणारं कोणी उरलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या दर सहांपैकी एका व्यक्तीला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या स्वरूपाची गैरवागणूक सोसावी लागते. ती वाईट माणसांच्याच घरी होते असं नाही, झोप न मिळालेल्या घरीही होते. पण तुमच्याकडे अजून ती वेळ आलेली नाही असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

पगारी माणूस ठेवा, पण पहिल्या दिवशी आंघोळीला लावू नका. वडील परक्याचा हात अंगाला लावू देणार नाहीत, तिसऱ्या दिवशी बाई किंवा गडी सोडून जाईल, आणि "आमच्याकडे कोणी टिकत नाही" असं ठरेल. मी पायाच्या नखांपासून सुरुवात करायला सांगते. म्हाताऱ्या माणसाला स्वतःची नखं कापता येत नाहीत आणि मुलांना सांगायची लाज वाटते. नखं कापून देणारा माणूस आवडू लागतो. मग पाठ पुसणं, मग डोक्यावरून पाणी. पंधरा दिवस लागतात. या माणसाचं काम कागदावर लिहा: किती ते किती, काय उचलायचं, काय नाही, सुट्टी कधी. आणि त्याने काय केल्याने भावजयीचे नेमके कोणते तास सुटले, ते वहीशी ताडून पाहा. एकही सुटला नसेल तर तुम्ही फक्त आणखी एका माणसाचा स्वयंपाक वाढवलात.

गावाचं एक बळ आहे, त्याचा वापर आपण चुकीचा करतो. शेजारीपाजारी म्हणतात, "काही लागलं तर हाक मारा." मनापासून म्हणतात. पण हाक मारायला जीव टांगणीला लागावा लागतो, म्हणून कोणी मारत नाही. त्या वाक्याला वार आणि वेळ जोडा. "काकू, दर मंगळवारी चार ते पाच आईपाशी बसाल का?" याला लोक हो म्हणतात, कारण कुठे संपतं ते कळतं. उत्तर केरळात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात दुखणं कमी करणाऱ्या उपचारांचं केंद्र निघालं. रुग्ण तिथे पोहोचू शकत नाहीत हे दिसल्यावर पुढे शेजारच्या स्वयंसेवकांनाच शिकवून घरोघरचं जाळं विणलं गेलं. नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेल्या बुर्टझोर्ग या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा चमू एक वस्ती वाटून घेतो आणि आपलं वेळापत्रक आपणच ठरवतो. नावाचा अर्थच "शेजारची काळजी". दोन्हीकडे शेजाऱ्याला शिकवलं जातं किंवा त्याच्या मागे शिकलेलं माणूस उभं असतं. ओळखीच्या परिचारिकेला एका दुपारी बोलावून चार शेजाऱ्यांना उठवण्या-बसवण्याची पद्धत दाखवा, तेवढ्यानेही भीड जाते.

दवाखाना दीड तासावर आहे, तर तिथे कधी पळायचं हे आधीच ठरलेलं हवं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा: चेहरा किंवा हात-पाय एका बाजूला लुळा, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं किंवा धाप, पडल्यावर पायावर भार न घेता येणं, एकाएकी भ्रम, बारा तास लघवी नाही. खाली गाडीवाल्याचे दोन नंबर, औषधांची ताजी यादी, आधीच्या ऑपरेशनचे कागद कुठल्या पेटीत आहेत ते. आणि एक अवघड बोलणं: पुढे काय करायचं आणि काय करायचं नाही, हे वडिलांना आत्ता विचारा, त्यांची बुद्धी शाबूत असताना. आईलाही विचारा, त्यांच्या चांगल्या वेळेला, सकाळी. बँकेचे आणि जमिनीचे व्यवहार कोण पाहणार हेही त्याच बैठकीत.

तुमच्या वाट्याचं राहिलं. तुम्ही पैसे पाठवता, ते पाठवा. पण वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी दहा दिवस, तुम्ही एकटे गावी जा आणि भावजयीला घराबाहेर पाठवा. माहेरी, फिरायला, कुठेही. भावजय घरात असताना तुम्ही "मदत" केलीत तर तुम्ही पाहुणे असता आणि त्यांना तुमचाही चहा करावा लागतो. पहिल्या वेळी त्या जायला तयार होणार नाहीत, जाताना चार वेळा सूचना देतील, दुसऱ्या दिवशी फोन करतील. आईही रुसतील. तरी पाठवा. आणि दर आठवड्याला सलग एक दुपार भावजयीची, त्या दुपारची जबाबदारी भावाची.

वही भरली की मला पाठवा. तोवर एक करा. आज भावजयीला थेट फोन लावा, भावाच्या फोनवरून नको. "कसं चाललंय?" विचारलंत तर "चाललंय" असंच उत्तर येईल. काल रात्री सलग किती तास झोप झाली, आणि शेवटचं स्वतःच्या दुखण्यासाठी डॉक्टरांकडे कधी गेलात, हे दोन प्रश्न विचारा. उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहा.